डिजिस्कोपिंग

डिजिस्कोपिंग ही स्पॉटिंग स्कोप या एकनळी निरीक्षण-दुर्बिणीच्या मागील भिंगाशी डिजिटल कॅमेरा किंवा स्मार्टफोन जोडून दूरच्या पक्ष्यांची व प्राण्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत आहे. केवळ फोन वापरला असल्यास तिला फोनस्कोपिंग असेही म्हणतात. निरीक्षणासाठी हाताशी असलेली दुर्बीणच भिंगाचे काम करीत असल्याने वेगळ्या महागड्या दूरभिंगाची गरज राहत नाही, आणि छायाचित्रकाराला प्राण्यापासून शंभर-दोनशे मीटर किंवा त्याहूनही दूर थांबता येते. मात्र या अंतरावर प्रतिमेचा दर्जा उपकरणाइतकाच मधल्या हवेवर अवलंबून असतो. थंडीच्या दिवसांत हवेचा हा प्रभाव विशेष जाणवतो.

महाराष्ट्रात हिवाळा हाच या पद्धतीचा मुख्य हंगाम होय. सातारा व सांगली जिल्ह्यांत येरळा नदीच्या खोऱ्यातील तलावांवर याच काळात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात आणि कृष्णाकाठी मगरी उन्हासाठी पाण्याबाहेर येतात. दोन्ही प्रसंगी जवळ जाणे अयोग्य असते; दुसऱ्या प्रसंगी तर ते धोक्याचेही असते.

संज्ञा

'डिजिटल' आणि 'टेलिस्कोप' या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून हा शब्द बनला. तो फ्रेंच पक्षिनिरीक्षक आलँ फॉसे यांनी प्रथम वापरला असे मानले जाते. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही. पाठ्यपुस्तकांत टेलिस्कोपसाठी 'दूरदर्शक' हा शब्द आहे; परंतु 'दूरदर्शकीय छायाचित्रण' म्हटले की वाचकाचे लक्ष आकाशातील ग्रहताऱ्यांकडे जाते, आणि सामान्य माणसाला तर दूरदर्शन संचच आठवतो. त्यामुळे पक्षिमित्रांमध्ये मूळ शब्दच रुळला आहे. दुर्बिणीच्या भागांची मराठी नावे मात्र सोपी व अर्थवाही आहेत. पुढचे मोठे भिंग ते वस्तुभिंग आणि डोळा लावण्याचे मागचे भिंग ती नेत्रिका.

इतिहास

दुर्बिणीला कॅमेरा जोडण्याचा प्रयत्न फिल्मच्या काळातही होत असे. त्या काळी प्रतिमा स्पष्ट आली की नाही हे फिल्म धुऊन आल्यावरच कळे, आणि वाया गेलेल्या प्रत्येक चित्राचा खर्च सोसावा लागे. त्यामुळे ही खटपट मोजक्या हौशी मंडळींपुरतीच मर्यादित राहिली.

डिजिटल कॅमेऱ्यामुळे ही अडचण दूर झाली. १९९९ साली मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी आपला छोटा डिजिटल कॅमेरा दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावून पाहिला. अशा रीतीने मिळालेली पक्ष्यांची छायाचित्रे त्यांनी जगभरातील निरीक्षकांपुढे ठेवली. या पद्धतीचा प्रसार करणाऱ्या आद्य व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. त्या काळातील निकॉन कंपनीचा 'कूलपिक्स ९५०' व त्यानंतरची काही प्रारूपे या कामासाठी विशेष लोकप्रिय ठरली. त्यांचे भिंग आकाराने लहान होते आणि प्रतिमा मोठी करताना ते बाहेर न येता आतल्या आतच सरकत असे, म्हणून ते नेत्रिकेवर नीट बसे. पुढे हे कॅमेरे मागे पडले व त्यांची जागा स्मार्टफोनने घेतली. फोनचे भिंगही लहान व एका जागी स्थिर असते. दुर्बिणीला जोडण्यासाठी नेमके हेच गुण लागतात.

उपकरणे व प्रकाशशास्त्र

स्पॉटिंग स्कोपचे वस्तुभिंग साधारणपणे ५० ते ९५ मिलिमीटर व्यासाचे असते. नेत्रिका फिरवून वर्धन बदलता येते. २० ते ६० पट हा त्याचा प्रचलित पल्ला आहे. नेत्रिका सरळ रेषेत असलेली आणि ती वरच्या बाजूस तिरपी असलेली, असे दुर्बिणीचे दोन प्रकार आहेत. तलावाकाठी वेगवेगळ्या उंचीच्या माणसांनी आळीपाळीने पाहायचे असल्यास तिरपी नेत्रिका सोयीची पडते. शाळेच्या सहलीत तिचा उपयोग विशेष जाणवतो, कारण तिपाईची उंची पुन्हा पुन्हा बदलावी लागत नाही.

जोडणीनंतर मिळणारे नाभीय अंतर काढणे सोपे आहे. कॅमेऱ्याचे ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात सांगितलेले नाभीय अंतर आणि दुर्बिणीचे वर्धन यांचा तो गुणाकार असतो. फोनच्या मुख्य भिंगाचे हे माप २६ मिलिमीटर आणि दुर्बिणीचे वर्धन ३० पट असेल, तर ७८० मिलिमीटरच्या दूरभिंगाइतका परिणाम मिळतो. अशा जोडणीतून दीडशे मीटरवर पाहिल्यास चौकटीत सुमारे साडेसहा ते सात मीटर रुंदीचा भाग सामावतो. मोठा रोहित हा पक्षी १.२ ते १.४५ मीटर उंच असल्याने तीन-चार पक्ष्यांचा गट त्यात सहज बसतो.

वर्धन वाढवण्याचा मोह नवशिक्यास हमखास होतो. त्याची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले वर्धन. ६५ मिलिमीटरच्या दुर्बिणीत २० पट वर्धनाला हा झोत ३.२५ मिलिमीटरचा असतो, तर ६० पटीला जेमतेम १.१ मिलिमीटरचा उरतो. वर्धन तिप्पट झाले की प्रतिमेची प्रखरता एक नवमांशावर येते. पहाटेच्या मंद उजेडात एवढी घट परवडणारी नसते. मग फोन आपोआप संवेदनक्षमता वाढवतो आणि चित्रावर रवाळपणा येतो, किंवा उद्भासनाचा काळ वाढवतो आणि पक्षी पुसट होतो. अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच बहुधा २० ते ३० पटीच्या पुढे जात नाहीत.

जोडणीतील नेहमीचा दोष म्हणजे चित्राभोवती दिसणारे काळे वर्तुळ. फोनचे भिंग नेत्रिकेच्या मध्याशी व योग्य अंतरावर नसले की ते उमटते. हाताने फोन धरल्यास प्रत्येक वेळी ही जागा नव्याने शोधावी लागते, म्हणून फोन घट्ट बसवणारी चकती किंवा खोबण वापरतात. उरलेले वर्तुळ फोनवरील प्रतिमा थोडी मोठी करून चौकटीबाहेर घालवता येते. साध्या काचेच्या दुर्बिणीत पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळट किनार दिसते. निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच बिंदूत न मिळाल्याने हा दोष उद्भवतो. कमी अपस्करणाच्या विशेष काचेमुळे किंवा फ्लोराइटच्या भिंगामुळे तो बराच कमी होतो.

तिपाई हा या साहित्यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दुर्बिणीवर भरपूर पैसे खर्च करून ती हलक्या तिपाईवर ठेवणे म्हणजे चांगले बी खडकावर पेरणे. ७८० मिलिमीटरच्या परिणामाला बोटाचा हलका स्पर्शही चित्र हलवण्यास पुरतो. म्हणून छायाचित्र दोन सेकंदांच्या विलंबाने किंवा तारेच्या कळीने टिपतात. तिपाईचे पाय पूर्ण उंच करीत नाहीत आणि मधल्या दांडीला वाळूची पिशवी टांगतात. साताऱ्याच्या पश्चिमेकडील वनकुसवडे, चाळकेवाडी यांसारख्या पठारांवर पवनचक्क्या का उभारल्या आहेत, हे तेथे तिपाई लावणाऱ्याला लगेच कळते.

थंड हवेचा परिणाम

सातारा व सांगली शहरांत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा १० ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. थंडीची लाट आल्यास ते १० अंशांच्या खाली उतरते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठून हिमकण दिसतात. थंड हवा जड असल्याने ती रात्री उतारावरून सखल भागात उतरून साचते. त्यामुळे तलावाकाठचा पारा गावातल्यापेक्षा खाली असतो. ही थंडी उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांच्या तुलनेत सौम्य असली, तरी दिवस व रात्र यांच्या तापमानातील मोठ्या फरकामुळे भिंगांपुढे तिच्या स्वतंत्र अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण दुर्बिणीच्या आतील हवेची असते. घरात किंवा मोटारीत राहिलेली दुर्बीण बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते. ती थंडीत आणल्यावर नळीतील हवा ढवळत राहते व प्रतिमा लाटांसारखी हलते. दुर्बीण बाहेरच्या तापमानाला येण्यास अर्धा तास तरी द्यावा लागतो. पुष्कळ जण या वेळी नेत्रिका पुन्हा पुन्हा फिरवून स्पष्टता शोधतात आणि दुर्बिणीला दोष देतात.

दुसरी अडचण बाष्पाची. निरभ्र रात्री उघड्यावर ठेवलेली काच आपली उष्णता आकाशाकडे गमावते व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तलावाकाठच्या दमट हवेतील बाष्प तिच्यावर दवाच्या रूपाने जमते. वस्तुभिंगापुढे नळीची टोपी ओढून घेतल्यास हे बऱ्याच अंशी टळते. नेत्रिकेवर धुके येण्याचे कारण बहुतेकदा निरीक्षकाचा श्वास हेच असते. प्रथम डोळा लावून पाहिले, काच धूसर झाली आणि तशाच स्थितीत वर फोन बसवला, तर ते बाष्प दोन काचांमध्ये अडकते व कितीतरी वेळ निघत नाही. फोन बसवण्यापूर्वी नेत्रिका तिरप्या उजेडात तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. नाकातोंडावर मफलर घेतल्याने श्वास उलट वर डोळ्यांकडे वळतो, ही बाब सहसा ध्यानात येत नाही.

थंड दुर्बीण उबदार खोलीत आणल्यावर हाच प्रकार अधिक जोमाने घडतो. बाहेर असतानाच ती प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवल्यास बाष्प पिशवीवर जमते आणि काच कोरडी राहते. नळीत नायट्रोजन वायू भरून बंद केलेल्या दुर्बिणींच्या आतील बाजूस धुके येत नाही. साध्या दुर्बिणींत मात्र आत शिरलेला ओलावा पावसाळ्यापर्यंत टिकतो आणि भिंगांवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात दुर्बीण ठेवणे हा त्यावर स्वस्त उपाय आहे. काच पुसताना आधी रबरी फुग्याने व मऊ कुंचल्याने धूळ उडवावी लागते, कारण माण-खटावच्या माळावरील बारीक खर उपरण्याने पुसल्यास भिंगावर कायमचे ओरखडे उमटतात.

विजेऱ्यांवरही थंडीचा परिणाम होतो. लिथियम-आयन विजेरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते व तिचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे ती लवकर संपल्यासारखी दिसते. उबेला आणल्यावर तिची क्षमता पुष्कळशी परत येते. सह्याद्रीच्या थंडीत ही घट किरकोळ असते. येथे फोन लवकर बंद पडतो तो प्रामुख्याने पडद्याचा पूर्ण उजेड व लांब चलचित्रण यांमुळे. याउलट लडाखमधील हेमिस किंवा स्पितीतील किब्बर येथे हिमबिबट्या पाहण्यासाठी जाणाऱ्यांना शून्याखालील तापमानात जादा विजेऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवाव्या लागतात. तेथे प्राणी बहुधा दरीच्या पलीकडील कड्यावर, कधी किलोमीटरभर अंतरावर असतो. अशा वेळी डिजिस्कोपिंगखेरीज दुसरे साधन क्वचितच उपयोगी पडते.

सकाळचा उपयुक्त काळ

दूरच्या चित्रणाचा खरा शत्रू म्हणजे जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेची थरथर. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणाऱ्या झळांचेच ते सौम्य रूप होय. हिवाळ्यात दुपारचे तापमान २८ ते ३० अंशांवर जात असल्याने काळी रिकामी जमीन ऊन पडताच तापू लागते. उबदार व थंड हवेचे थर एकमेकांत मिसळतात, त्यांतून जाणारे प्रकाशकिरण सतत किंचित वाकतात आणि दोनशे मीटरवरील पक्ष्याची पिसे एकमेकांत विरघळल्यासारखी दिसतात. दुर्बीण जितकी चांगली, तितकी ही थरथर अधिक स्पष्ट दिसते. महागडे भिंग तिच्यावर उपाय ठरत नाही. वर्धन कमी करणे, जमिनीपासून उंच जागी उभे राहणे किंवा थांबणे एवढेच पर्याय उरतात.

पहाटे हवा स्थिर असते, पण पाण्यावर अडचण वेगळी येते. तलावाचे पाणी रात्रीच्या हवेइतके थंड झालेले नसते, त्यामुळे त्यावरून वाफ उठते व धुक्याचा पातळ पडदा तयार होतो. ऊन चढू लागले की हा पडदा विरतो. धुके विरल्यापासून जमीन तापेपर्यंतचा, साधारण साडेसात ते साडेनऊचा काळ हाच चित्रणास उत्तम असतो. थंडी जितकी कडक आणि वारा जितका पडलेला, तितका हा काळ लांबतो. पाणी सावकाश तापत असल्याने दृष्टीची रेषा पूर्णपणे पाण्यावरून जात असेल, तर आणखी तासभर मिळू शकतो. ती नांगरलेल्या रानावरून किंवा खडकावरून जात असेल, तर नऊच्या सुमारासच काम थांबवावे लागते.

येरळा खोरे व मायणी

येरळा ही कृष्णेची उपनदी सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते, वडूजवरून वाहत सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळ येथे कृष्णेस मिळते. तिच्या वरच्या खोऱ्याचा प्रदेश पर्जन्यछायेत आहे. त्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर खटाव व माण हे तालुके दुष्काळासाठी ओळखले जातात. दुष्काळी मुलखातील जुन्या तलावांचे उथळ, गाळाचे काठ हेच पाणपक्ष्यांचे आकर्षण ठरले आहे.

येरळवाडीचा जलाशय, सूर्याचीवाडीचा तलाव आणि चांद नदीवरील मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव ही या पट्ट्यातील परिचित ठिकाणे होत. हिवाळ्यात येथे येणारे रोहित, म्हणजेच अग्निपंख, पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. रोहित पक्ष्यांखेरीज चित्रबलाक, चमचा, शेकाट्या, वारकरी, निरनिराळी बदके व चक्रवाक आढळतात. चक्रवाकाची जोडी रात्री विरहात काढते हा संस्कृत काव्यातील संकेत प्रसिद्ध आहे. दुर्बिणीतून पाहणाऱ्यास मात्र ती पहाटे एकमेकांजवळच चरताना दिसते.

पक्ष्यांचे येणे पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. पाऊस न झाल्यास तलाव कोरडे पडतात. उलट तलाव काठोकाठ भरले, तरी चिखलात उभे राहून चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकण्यास जागा राहत नाही, आणि ते पाणी ओसरेपर्यंत उशिरा येतात किंवा दुसरीकडे जातात. टेंभू, उरमोडी यांसारख्या योजनांचे पाणी दुष्काळी पट्ट्यात येऊ लागल्यापासून हा मेळ अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. शेतकऱ्याला भरलेला तलाव हवा असतो, तर रोहिताला अर्धा रिकामा. शेतकऱ्याची निकड साहजिकच मोठी आहे, पण दोन्ही गरजा एकाच तलावाने भागवायच्या आहेत.

रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म जीव व शेवाळ गाळून खातो. चित्रणासाठी हीच अवस्था शांत व सोयीची असते. पक्ष्याचा रंग फिकट असल्याने कॅमेरा भोवतालच्या गडद पाण्यावरून उजेडाचा अंदाज बांधतो व पिसांचा तपशील पांढराफटक पडतो. अशा वेळी उद्भासन अर्ध्या ते एका पायरीने कमी करतात. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवत असल्याने तलावाच्या पूर्व किंवा आग्नेय काठावर उभे राहिल्यास ऊन पाठीशी राहते.

कृष्णाकाठच्या मगरी

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरींचा नैसर्गिक अधिवास आहे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज या परिसरात त्या वारंवार दिसतात. नदीवर धुणे धुणाऱ्या, जनावरे पाजणाऱ्या, मोटारी बसवणाऱ्या व पोहणाऱ्या लोकांवर मगरींनी हल्ले केल्याच्या आणि त्यांत माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे मगर हा येथे केवळ कुतूहलाचा विषय नाही. तिच्या हालचालींची नोंद गावकऱ्यांच्या जिवाशी निगडित असते.

मगर ही शीतरक्ताची असल्याने तिला शरीराचे तापमान बाहेरच्या उन्हावरच राखावे लागते. थंडीच्या रात्री ती तुलनेने उबदार पाण्यात राहते आणि ऊन काठावर पोहोचले की मळीवर किंवा वाळूवर येऊन पडते. जबडा उघडा ठेवून निश्चल पडलेली मगर मेलेली किंवा सुस्त वाटते, पण हा समज घातक आहे. पश्चिमेचा काठ पूर्वेकडे तोंड करून असल्याने सकाळचे ऊन त्यावर आधी पडते. म्हणून पूर्वेच्या काठावरून, मध्ये पूर्ण पात्र ठेवून चित्रण करणे सर्वांत सोयीचे व सुरक्षित ठरते. मगर बाहेर येते ती ऊन तापू लागल्यावर, म्हणजे हवेची थरथर सुरू होण्याच्या वेळी. परंतु दृष्टीची रेषा नदीच्या पाण्यावरून जात असल्याने येथे दहा-साडेदहापर्यंत कामचलाऊ चित्रे मिळतात. उजळ वाळूवरील गडद मगर कॅमेऱ्यात काळीभोर येते, त्यामुळे येथे रोहिताच्या उलट उद्भासन थोडे वाढवावे लागते.

पाठीवरील खवल्यांची मांडणी, शेपटीवरील तुटलेले कंगोरे व जुन्या जखमा यांवरून एक मगर दुसरीपासून ओळखता येते. दूरवरून घेतलेली अशी छायाचित्रे एका टापूत नेमक्या किती मगरी आहेत याचा अंदाज बांधण्यास उपयोगी पडतात. एरवी एकच मगर पाच गावांत पाच वेळा मोजली जाते आणि भीती पाचपट वाढते. हिवाळ्याच्या अखेरीपासून मादी काठावर बिळासारखा खड्डा करून अंडी घालते. त्या काळात तिच्या काठावर उतरणे टाळणे अत्यंत आवश्यक असते.

इतर स्थळे

घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान ही २०१० साली घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. दाट झाडीमुळे तेथे दूरची दृष्टी क्वचितच मिळते. उंच फांदीवरील शेकरू किंवा समोरच्या सड्यावर आलेले गवे एवढ्यापुरताच स्पॉटिंग स्कोपचा उपयोग होतो. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य केवळ १०.८७ चौरस किलोमीटरचे आहे. धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उजाड टेकड्यांवर ते उभे राहिले. तेथील सांबर, चितळ व काळवीट टेकडीवरील निरीक्षणस्थळांवरून दुर्बिणीत दिसतात. माण-खटावच्या माळरानांवर लांडगा, खोकड आणि हिवाळी पाहुणे असलेले भोवत्या हे शिकारी पक्षी आढळतात. भोवत्या सतत जमिनीलगत तरंगत असल्याने डिजिस्कोपिंगच्या आवाक्यात तो जवळजवळ येतच नाही.

अंतर व कायदा

स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात खाऊन-विसावून परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवतात. त्यांना वारंवार उडवल्यास साठवलेली ऊर्जा खर्च होते व चरण्याचा वेळ बुडतो. रोहित पक्ष्याला उडण्यापूर्वी पाण्यावर काही पावले धावावे लागते, म्हणजे प्रत्येक उड्डाण त्याला महाग पडते. सर्व माना एकाच वेळी वर होणे, चरणे थांबणे आणि थवा एका दिशेने चालू लागणे ही अस्वस्थतेची लक्षणे होत. ती दिसताच मागे सरावे असा संकेत आहे. थवा उडतानाचे चित्र मिळावे म्हणून मुद्दाम आरडाओरडा करणे, दगड फेकणे किंवा ड्रोन सोडणे असे प्रकार तलावांवर घडतात. उड्डाणाचे चित्र घेण्यास डिजिस्कोपिंग मुळातच निरुपयोगी असल्याने या पद्धतीच्या छायाचित्रकाराला तसा मोह होण्याचे कारण राहत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येत येते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करताना परवानगीची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, अधिवासात बदल न करता व वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देता केलेले छायाचित्रण असा त्या तरतुदीचा शब्दप्रयोग आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मायणी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला असून अशा क्षेत्रातही वन्यप्राण्यांना त्रास देण्यास मनाई आहे. मगर ही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

मर्यादा व उपयोग

वेगाने हालणारा प्राणी टिपणे, अंधुक उजेडात काम करणे आणि मोठ्या आकारात छापण्याजोगी चित्रे मिळवणे या तिन्ही बाबतींत डिजिस्कोपिंग दूरभिंगाच्या कॅमेऱ्यामागे राहते. स्पर्धांमध्ये या पद्धतीची चित्रे फारशी दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिचे मोल नोंदीत असते. छायाचित्राचा पुरावा असल्यास दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीवर वाद राहत नाही. ईबर्डसारख्या जागतिक नोंदसंग्रहांतही अशी चित्रे जोडता येतात. दूरच्या थव्याचे चित्र घरी आणून सावकाश मोजल्यास संख्येचा अंदाज प्रत्यक्ष मोजणीपेक्षा अधिक विश्वसनीय येतो. चित्रे घेण्याची जागा, अंतर, वेळ व पाण्याची पातळी वहीत टिपून ठेवल्यास पुढील वर्षांच्या नोंदींशी तुलना करता येते.

पट्टकादंब हा मध्य आशियातून हिमालय ओलांडून भारतात येणारा राजहंसवर्गीय पक्षी आहे. मंगोलियात संशोधकांनी यांपैकी काहींच्या गळ्यात क्रमांकाच्या रंगीत पट्ट्या घातल्या आहेत. भारतातील जलाशयांवर या पट्ट्यांवरील अक्षरे दुर्बिणीतून वाचून कळवली जातात, आणि त्यावरून पक्षी कोठून आला हे समजते. पट्टीवरील अक्षरे डोळ्यांनी वाचताना एखाद्या अक्षराची गल्लत होण्याचा संभव असतो. नेत्रिकेतून घेतलेल्या चित्रात ती पुन्हा तपासून पाहता येतात.